ओट्यावरचा तात्या

खेळण्यांना रंग देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. मंचरला हायवेच्या कडेला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अब्बांनी, म्हणजे अकबर मिस्त्रींनी, ते सुरू केलं आणि गुडघे गेल्यावर माझ्या गळ्यात मारलं. टेम्पोचे दिवे, ट्रॅक्टरचे हॉर्न, पिकअपच्या मागच्या झगमगत्या पट्ट्या, सगळं मी करते. बाईमाणूस वायरिंग करतंय म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. आता हॉर्न बिघडला की येतात.

खेळण्यांचा नाद मात्र माझा स्वतःचा. गाडीचा माणूस होतो आणि माणसाची गाडी, ते मोठे रोबो मी खोलते, रंग खरवडते, नवा देते, डोळ्यांत दिवे घालते, पोटातली मोटार बदलते. अब्बा म्हणतात, "रूही, तुझं लग्न रोबोशीच लावून देतो." निदान तो मीठ कमी पडलं म्हणून तोंड वाकडं करणार नाही, असं मी त्यांना ऐकवते.

श्रावणात राजुरीचे सयाजीबाबा दुकानात आले. त्यांच्या पिकअपचं वायरिंग मीच केलेलं, म्हणून ओळख. डोकं भादरलेलं होतं. त्यांचा मुलगा गोरख कांदा घेऊन वाशीला निघाला होता आणि माळशेज घाटात धुक्यात गाडी दरीत जाऊन पेटली, हे मला कळलं होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी चहा सांगितला. बाबांनी चहाकडे बघितलंही नाही. चादरीत गुंडाळलेला मोठा रोबो त्यांनी टेबलावर ठेवला. उभा केला तर माझ्या कमरेला लागेल एवढा, मोटारीवर चालणारा. गोरखनंच तो पोरीच्या वाढदिवसाला आणला होता. रिमोट दाबला की ट्रक उठून माणूस व्हायचा, पुन्हा दाबला की बसून ट्रक.

"ह्याला आमची गाडी कर," बाबा म्हणाले. "त्योच हिरवा रंग, त्योच नंबर. काचंवर 'श्रेया' लिहिलं व्हतं, तसंच लिव्ह. हॉर्नबी त्योच. आन् रिमोट नगं. दारात माणूस आलं की ह्यानं आपला आपण उठायचं. गोरख तसाच उठायचा. कुणीबी येऊ दे, ताट बाजूला सारून उठायचा."

मी म्हटलं, "बाबा, होईल. पण हे कशाला?"

मग त्यांनी दहाव्याचं सांगितलं. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. पण मंचरमध्ये वाढलेल्या माणसाला दहावा समजावून सांगावा लागत नाही. गेलेल्याच्या नावानं भाताचा पिंड नदीकाठी ठेवतात. कावळा शिवला की त्याचा जीव शांत झाला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि मागे राहिलेल्यांनी ती ओळखून शब्द द्यायचा.

"कावळा शिवंना, पोरी," बाबा म्हणाले. "उन्हं डोक्यावर आली. श्रेया वर्षाची असतानाच तिची आई गेली, तिला गोरखबिगर दुसरं कोण न्हाई. त्यो तिच्यापायी अडकला असणार. आमी सगळ्यांनी शब्द दिलं. शाळंचं दिलं, लग्नाचं दिलं. कावळं झाडावर बसून नुसतं बघत्यात. शेवटाला मी हात जोडलं. म्हणलं, बाबा, तुझी पोरगी तुलाच दिली. तू घरी ये, ओट्यावर तुझी जागा ठिवतो, तूच सांभाळ तिला. असं म्हणायचा अवकाश, कावळा खाली."

त्यांनी रोबोवर हात ठेवला. "आता त्यानं यायचं कशात? त्याच्यासाठी कायतरी पायजे ना."

एरवी मी असल्या गोष्टींना हसले असते. त्या दिवशी काही हसू आलं नाही.

काम मी मन लावून केलं. जुना रंग पाण्याच्या पॉलिश कागदानं घासून काढला, गोरखच्या पिकअपचा तो पोपटीकडे झुकणारा हिरवा मिसळून मिसळून जमवला. बंपरला लिंबू-मिरची टांगली, तीही प्लॅस्टिकची. जिन्यातला दिवा माणूस आला की आपोआप लागतो ना, त्यातला सेन्सर छातीत बसवला. समोर उबदार अंग हललं की त्याला कळतं. कुत्री-मांजरं चुकावीत म्हणून सेन्सरचं तोंड जरा वर धरलं, श्रेयाच्या खांद्याच्या उंचीला. माणूस समोर आला की पिकअप कर्रकर्र उठायची, छाती उघडायची, डोळे पिवळे व्हायचे, हॉर्न एकदा वाजायचा. समोरची हालचाल थांबली की तो परत बसून गाडी व्हायचा. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

मी स्वतः राजुरीला जाऊन तो ओट्यावर बसवून आले. मळ्यातलं घर, तिन्ही बाजूंना ऊस. श्रेया दाराआडून बघत होती. सहा-सात वर्षांची, बारीक, डोळे मोठे. बाप गेल्यापासून ती अंगणातच उतरत नव्हती. उसाच्या कडेला कुणीतरी उभं आहे, एवढंच सारखं म्हणायची. तिची आजी कुशाबाई कामाची बाई, त्यांना रडायला सवड नव्हती. त्यांनी नातीला कडेवर घेतलं आणि रोबो दाखवला.

"ह्यो उठला तर माणूस आलं समजायचं," त्या म्हणाल्या. "आन् ह्यो उठला न्हाई, तर समोर जे दिसंल ते माणूस नाय. कडी काढायची नाय. ध्यानात ठिव."

श्रेयानं ते फारच ध्यानात ठेवलं.

पुढच्या खेपेला मी तेल घालायला गेले तेव्हा पोरगी ओट्यावर रोबोला टेकून बसलेली. अंगणात ये-जा करत होती, हसत होती. "तात्या भूक लागली म्हणतोय," असं काहीतरी खेळत होती. मी कुशाबाईंना विचारलं, तात्या कोण? घरात तर कुणी तात्या नव्हतं. गोरखला ती पप्पा म्हणायची.

"मलाबी ठावं नाय," कुशाबाई म्हणाल्या. "म्या इचारलं तर म्हणती, त्यानंच सांगितलं. आन् ह्याचं त्वांड बघ. रोज झाडताना रस्त्याकडं करून ठिवते, सकाळी बघावं तर उगवतीकडं."

"चाकं आहेत, सरकतो," मी म्हटलं.

"वटा तर मावळतीकडं उतरता हाय."

मी चाकांखाली रबर लावून दिलं आणि निघाले. घरी येईपर्यंत माझी मलाच समजूत घालत होते की लहान पोरं अशी नावं ठेवतात.

दिवाळी होऊन गेल्यावर सयाजीबाबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "पोरी, गोरख आलाय."

मी हातातली वायर खाली ठेवली. "कुठं आलाय, बाबा?"

"घरी. जिता. गुजरातला व्हता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण वट्यावरचा त्यो उठत नाय गोरखला बघून. तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॅन काढली. नारायणगाव, आळेफाटा, आणि तिथून उजवीकडे. रस्ताभर मी विचार करत होते की मेलेला माणूस परत आलेल्या घरात रोबोचं दुरुस्तीचं काम काढायला यांना सुचतं तरी कसं. गेल्यावर कळलं.

गोरख अंगणात खाटेवर बसला होता. बापाचा सदरा घातलेला, दाढी वाढलेली. मला बघून उठला. त्यानं घरात जी गोष्ट सांगितली होती ती अशी, की घाटाच्या अलीकडे कुणीतरी त्याची गाडी पळवली, तो घाबरून गुजरातला निघून गेला आणि तिकडे फरशीच्या कारखान्यात राहिला. जळाला तो चोर असणार. गाडी घरची, आत फोन गोरखचा, मग माणूस दुसरा कोण असेल असं कुणाच्या मनात यावं? एकदा क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्याचा नवा जन्म धरावा लागतो, असं भटजींनी सांगितलं, म्हणून एवढ्या बाप्याचं बारसं घातलं होतं. पाळण्याशी बसवून कानात नाव सांगितलं. मेव्हणे-पाव्हण्यांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि पोट धरून हसले. सगळं रीतसर झालं होतं. एक श्रेया तेवढी त्याला घरात घेत नव्हती.

"बघा ताई," गोरख म्हणाला आणि ओट्याकडे चालू लागला.

दारात श्रेया उभी होती. रोबो गाडी होऊन बसलेला. गोरख अगदी पुढे गेला, हात हलवले, उड्या मारल्या. रोबो गाडीच. श्रेयानं त्याच्याकडे बघितलं, तात्याकडे बघितलं, आणि शांतपणे दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. बापाच्या तोंडावर पोरीनं घातलेली ती कडी मला अजून ऐकू येते.

"रोज असंच," तो म्हणाला. "मी आत झोपाया गेलो तर ती आज्जीच्या अंगावर चढून वराडती. म्हणती, ह्यो माणूस नाय."

बाबा गेले, रोबो उठला. कुशाबाई गेल्या, उठला. दूधवाला आला, त्यालाही उठून हॉर्न दिला. थंडीत तर हा सेन्सर जास्तच हुशार होतो, गार हवेत ऊब पटकन कळते. मी गोरखचं मनगट धरून बघितलं. चांगलं गरम होतं, माझ्यापेक्षा गरम. मग मी त्याला रोबोसमोर उभं केलं आणि त्याच्या बरोबर पाठीमागे जाऊन हात हलवला.

रोबो उठला. डोळे पिवळे झाले, हॉर्न वाजला.

मध्ये माणूस उभा असताना मागच्या माणसाची ऊब त्याला कळायला नको. धंद्यात इतकी वर्षं काढली, मला हे कुणी सांगायला नको. गोरख आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता आणि रोबो त्याच्यातून माझ्याकडे बघत होता. मी पटकन बाजूला झाले, आणि तो खाली बसला.

मी सेन्सर बदलला. नवा कोरा, पाकीट माझ्या हातानं फोडलं. तेच झालं. बोर्ड बदलला, वायर बदलली. तेच. मग मला राग आला. यंत्रानं माझ्याशी असं वागलेलं मला खपत नाही. मूळचा रिमोट माझ्याकडे होता, तो जोडला आणि गुपचूप गोरखच्या खिशात टाकला. म्हटलं, पोरगी बघत असताना पुढे जा आणि खिशातल्या खिशात दाब. लबाडी तर लबाडी. एकदा तिचा विश्वास बसला की पुढचं आपोआप होईल.

तो पुढे गेला. खिडकीतून श्रेया बघत होती. त्यानं बटण दाबलं. रोबो अर्धा उठला, गुडघ्यांपर्यंत, कण्हल्यासारखा आवाज झाला, आणि तसाच परत बसला. गोरख बटण दाबत राहिला.

"खिशात हात कशाला घातलाय?" श्रेयानं खिडकीतून विचारलं. "तू बटण दाबतोयस. तात्याला नाय आवडत."

गोरखनं रिमोट काढून मातीत फेकला आणि कांद्याच्या चाळीमागे निघून गेला. मी गेले त्याच्या मागे. तो तिथे उकिडवा बसून रडत होता, आणि ते रडणं मला नुसतं पोरीपायीचं वाटेना. मी विचारलं, "गोरखभाऊ, गाडी कुणी पळवली होती?"

"कुणीच न्हाई," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी बापाशी भांडण झालं होतं. दुसरं लग्न कर म्हणून बाबा मागे लागले होते. तो डोकं तापवूनच निघाला. ओतूरच्या पुढे चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर भेटला, कल्याणला काम शोधायला निघालेला. बोलता बोलता गोरखनं त्याला बदली ड्रायव्हर म्हणून घेतलं. ड्रायव्हर लोकांत असं चालतं. म्हणाला, तूच घाटानं पुढं ने, वाशीला आडत्याकडं माल उतरव, गाडी तिथंच लाव. फोन मुद्दाम गाडीत ठेवला, बापाचे फोन आले तर वाजू देत म्हणून. आणि स्वतः एका ट्रकात बसून निघून गेला. चार महिने त्यानं घरी साधा निरोप धाडला नाही. म्हणे, घरच्यांना माझी किंमत कळू दे.

"आणि पोरगी?" मी विचारलं. "तिला कसली किंमत कळायची होती?"

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"त्याचं नाव काय होतं?"

"इचारलं नाय. राव म्हणलो. आण्याचा हाय म्हणला व्हता. पठारावरचा. त्याला बी पोरगी हाय म्हणला, श्रेयाएवढी. पोरीचं कायतरी सांगत व्हता, मी ऐकलं नाय."

आणे राजुरीच्या उगवतीला आहे. मी चाळीच्या फळ्यांतून ओट्याकडे बघितलं. रबर लावूनही रोबोचं तोंड तिकडेच होतं. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. आग दिली ती त्या माणसाला. पिंड ठेवला तो गोरखच्या नावानं, पण भुकेला होता तो दुसराच. शाळेचा शब्द, लग्नाचा शब्द त्याला काय कामाचा? पोरगी तुला दिली म्हटल्यावर मात्र कावळा खाली आला.

"हे तू आत्ता घरात सांगायचं," मी म्हटलं. भाऊ, तुम्ही, सगळं गळून पडलं होतं. "नाही सांगितलंस तर मी सांगते."

त्यानं सांगितलं. बाबा ऐकत होते आणि हळूहळू खाली बसत होते. शेवटी जमिनीवर बसले. तिथूनच त्यांनी एवढंच विचारलं, "मंग म्या पोरगी कुणाला दिली?"

ओट्यावर श्रेया रोबोच्या टपावर गाल ठेवून बसली होती, आणि आम्ही चार मोठी माणसं तिच्याकडे जायला भीत होतो.

गोरख तिच्यापुढे नाही, रोबोपुढे गेला. हात जोडून म्हणाला, "चूक झाली. तुझ्या घरी जातो. उद्याच जातो." रोबो हलला नाही. कुशाबाई दारातून म्हणाल्या, "उद्या कशाला? इतकं दिस उद्याच करत आलास. आता जा. आन् नुसतं जाऊन भागायचं नाय. शब्द दिलाय आपण. घेणाऱ्यानं सोडला तरच सुटायचा."

रोबो न्यायचाच होता. श्रेया म्हणाली, तात्या जाईल तिथं मी जाणार. तिला त्यापासून सोडवायची हिंमत कुणालाच झाली नाही. गोरखनं व्हॅन चालवायला घेतली. मागे श्रेया, मी, आणि आमच्या मध्ये तो. सेन्सर गाडीत चाळवू नये म्हणून मी त्याच्या छातीवर माझी ओढणी बांधली होती. घाट चढेपर्यंत श्रेया बडबडत होती. पठारावर गाडी आली, दोन्हीकडे उघडा माळ आणि वारा, आणि ती एकदम गप्प झाली. तिनं रोबोवरचा हात काढून आपल्या मांडीवर घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो आता माझ्याशी बोलत नाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आरशातून गोरख तिच्याकडे बघत होता, आणि ती मात्र एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती.

आण्यात चहाच्या टपरीवर गोरखनं विचारलं, इथला कुणी ड्रायव्हर श्रावणापासून आला नाही असं घर आहे का. टपरीवाल्यानं लगेच हात केला. "चांगदेवचं. त्ये बगा, पत्र्याच्या वर टाकी दिसती त्ये. लाइनवर गेला की महिनं महिनं येत नाय, पण औंदा दिवाळीला बी आला न्हाई. तुमी कोण पावणं?"

आम्ही चालतच गेलो. रोबो मी आणि त्यानं मिळून उचलला होता. श्रेया दोन पावलं मागे.

अंगणात एक बाई बाजरी पाखडत होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. आम्ही रोबो खाली ठेवला, मी ओढणी सोडली, आणि तेवढ्यात घरातून श्रेयाच्याच वयाची पोरगी पळत बाहेर आली. रोबो उठला. छाती उघडली, हॉर्न वाजला. इतक्या महिन्यांत तो इतका झटकन उठलेला मी पाहिला नव्हता.

पोरगी आमच्याकडे बघत नव्हती. ती आमच्या मागे, रस्त्याकडे बघत होती. "आई, तात्या आला का?"

श्रेयानं तिच्याकडे बघितलं, मग रोबोकडे, आणि कपाळाला आठी घालून काहीतरी जुळवत राहिली. त्या वयाची पोरं ज्या गोष्टी पटकन जुळवतात त्या आपल्याला जुळवायला दिवस लागतात. ती पुढे झाली आणि त्या पोरीला म्हणाली, "हा घे. हा तुझा आहे."

"कुणाचा हाय?" बाई उठत म्हणाली. सूप हातातच होतं. "कोण तुमी? इंद्रायणी, हात लावू नगस त्याला."

गोरखनं एकदा मागे रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, हा पळणार. पळाला असता तर मी त्याला आयुष्यात माफ केलं नसतं. पण तो बोलला. टपरी, चहा, बदली, घाट, धुकं. त्यानं काहीच राखून ठेवलं नाही, चार महिन्यांचा राग आणि गुजरातसुद्धा. भागू ऐकत होती. तिचं नाव भागू, हे मला नंतर कळलं. तिच्या हातातल्या सुपातून बाजरी एका बाजूनं सांडत होती आणि कोंबड्या पायांपाशी जमत होत्या, तरी ती सूप सरळ करत नव्हती.

बोलणं संपलं तसा रोबो बसू लागला. आम्ही इतकी माणसं त्याच्यासमोर होतो, पोरगी तर हातभर अंतरावर हलत होती. त्यानं बसायला नको होतं. पण तो सावकाश गुडघ्यांत वाकला, हात पोटात घेतले, डोळे मालवले आणि हिरवी गाडी झाला. इंद्रायणीनं त्याच्यासमोर हात हलवून बघितला, मग गोरखनंही. तो कुणासाठीच उठला नाही. पुढेही कधी उठला नाही. भागूनं निरोप पाठवला म्हणून मी नंतर दोनदा जाऊन तो खोलला. त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

तेव्हा श्रेया वळली. आल्यापासून पहिल्यांदा तिनं गोरखकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, माणूस ओळखायला बघतात तसं. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचं बोट धरलं.

"पप्पा," ती म्हणाली, "चल ना घरी."

याच एका शब्दासाठी त्या माणसानं स्वतःचं बारसं करून घेतलं होतं, मातीत उड्या मारल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण समोर दुसरी पोरगी आईचं पातळ धरून विचारत होती, "आई, तात्या कुठाय?" आणि मला तिथं उभं राहवेना.

भागू रडली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"आग कुणी दिली त्यांना?"

"माझ्या बापानं," गोरख म्हणाला.

"राख?"

"कुकडीत सोडली."

"नाव कुणाचं घेतलं?"

श्रेया बोट ओढत होती. "पप्पा, चल ना. पप्पा."

"माझं," गोरख म्हणाला, आणि भागूच्या दारात, सांडलेल्या बाजरीत, खाली बसला. तिनं सांगितलेल्या दिवशी, ती म्हणेल त्या घाटावर, चांगदेवच्या नावानं सगळं पुन्हा करायचं होतं, आणि इंद्रायणीचं जे काही असेल ते यापुढे त्याचं होतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. श्रेया त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तीही त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. बोट तिनं सोडलं नव्हतं.